विलासरावांची चावी

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, शनिवारी दुपारी, अंबडच्या एका गॅरेजमध्ये अठरा हजार रुपयांवर गाडी दुरुस्तीचं काम ठरलं. हजर आम्ही तिघे होतो. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे रफिकभाई, मी आणि माझे साडू विलासराव. गाडी मंगळवारी मिळायची होती. मंगळवारी सकाळी फोन वाजला, विलासरावांचं नाव दिसलं, आणि तो कानाला लावता लावताच मी म्हणालो, "अहो निघालोच, बूट घालतोय. किती ती घाई!" पण पलीकडून त्यांच्या बायकोचा, सुनंदाताईंचा आवाज आला, "सुधाकरराव, हे उठत नाहीयेत..." मी एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात चप्पल घालून तिथे पोचलो होतो. हे मला हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर दिसलं. डॉक्टर बाहेर येऊन बोलले, ते मी ऐकलं, मान डोलावली, आणि रफिकभाईंना फोन करून सांगितलं की आम्हाला यायला थोडा उशीर होईल.

'आम्हाला' म्हणालो मी. एरवी माझ्या तोंडून असं चुकीचं बहुवचन जात नाही. पण रविवारी हे गृहस्थ पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून आले होते, वर पोचून मला फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'साडू झोपलेत वाटतं.' वय एकोणसाठ. साखर नाही, रक्तदाब नाही. मी आजही हे सगळं जुळवून पाहतो आणि उत्तर येत नाही.

गाडी आमची दोघांची होती. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, घरं इंदिरानगरमध्ये शेजारच्या गल्ल्यांत. एकट्याला रोज लागेल इतकं गाडीचं काम दोघांपैकी कुणालाच नव्हतं, म्हणून सात वर्षांपूर्वी एक जुनी गाडी निम्म्या-निम्म्या पैशांत घेतली. एक आठवडा त्यांचा, एक माझा. "साडूंची भागीदारी दिवाळीपर्यंत टिकली तर सांगा," असं तेव्हा सासरेबुवा म्हणाले होते. टिकली, कारण भांडायची वेळ आली की विलासराव भलत्याच गोष्टीवर हसायला लावायचे.

ते अंबडच्या एका कारखान्यात मशीन शॉपला सुपरवायझर होते. खंडेनवमीला तिथे प्रत्येक मशीन पुसून, हळदकुंकू लावून पूजा व्हायची, आणि तीच शिस्त त्यांनी आमच्या गाडीला लावली. लोक बॉनेटवर हार घालतात. यांना ते पटत नसे. "पूजा यंत्राची करायची की पत्र्याची?" म्हणत ते बॉनेट उघडायचे, हळदकुंकू थेट इंजिनावर, आणि नारळ फोडला की त्याचं पाणी चारही बाजूंना शिंपडायचे. ताई मागून म्हणायच्या, "अहो, तिला न्हाऊ घालताय की पूजा करताय?" दर वर्षी हेच.

यंदा सुरगाण्याच्या वाटेवर, घाटात, चढावरच गाडी बंद पडली. त्यांच्या हाताखालच्या एका मुलाच्या लग्नाला आम्ही चौघं चाललो होतो. किल्ली फिरवली की दिवे लागत, पण इंजिन एकदा गुरगुरून गप्प. मागून प्रवासी भरून नेणारी वडापची जीप आली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "काय साहेब, गाडी लय दमली का? बसा मागं, पन वऱ्हाडी थाट नाय मिळायचा, चेपून बसायचं." आम्ही चेपून बसलो. विलासरावांच्या मांडीवर कुणाचं तरी पोर होतं आणि कुणाची तरी कोंबडी. लग्नात ते प्रत्येकाला सांगत होते की आम्ही खास जीप करून आलो.

बॅटरी बदलून झाली, एक सेन्सर बदलून झाला. कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलं की इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजे कंट्रोल मॉड्यूल, गेला आहे. नवा बावन्न हजारांचा. म्हणून आम्ही गाडी दोरीनं ओढत रफिकभाईंकडे नेली. दोरीच्या पुढच्या टोकाला भाड्याची जीप, मागे स्टिअरिंगवर विलासराव. रफिकभाईंनी डबा काढला, त्याचं कनेक्टर उपसलं आणि भिंगाखाली धरलं. पिनांवर हिरवा गंज चढला होता. गंजाच्या मधूनमधून लाल ठिपके होते.

"हिरवा समजला. पानी गेलंय," रफिकभाई म्हणाले. "ये लाल काय आहे? पंचवीस वर्षांत असा गंज नाही बघितला."

विलासरावांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कुंकू."

रफिकभाई स्टुलावर बसून हसले, मी हसलो, आणि सगळ्यांत जास्त ते स्वतः हसले. "सात वर्षं मीच हिला नारळपाणी पाजत होतो की हो!" रफिकभाईंनी त्याच मॉडेलचा, चाचणी केलेला वापरलेला डबा बसवून देतो म्हटलं, अठरा हजारांत. हसण्याच्या त्या भरात आम्ही घासाघीस केलीच नाही. ही आमची शेवटची भेट... माझ्या कानात ते हसू अजून इतकं ताजं आहे, की ते हसू आणि त्यानंतर तीन दिवसांत त्या माणसाला दिलेला खांदा, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात बसत नाहीत.

भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी सांत्वन म्हणून म्हटलं, "चालतं इंजिन बंद पडावं तसं झालं हो." मी उठून गॅलरीत गेलो. इंजिनाचा डबा बदलून मिळतो.

तेराव्यानंतर घरात गाडीचा विषय निघाला. विलासरावांच्या धाकट्या भावाचं म्हणणं, विकून टाका. माझी बायको म्हणाली, ताईला तिचे निम्मे देऊन गाडी आपणच ठेवू. तिला चालवता कुठे येते? मलाही हे सरळ वाटलं. भागीदार गेला की भागीदारी संपते. त्याच आठवड्यात रफिकभाईंचा फोन आला.

"भाईजान, डबा बसवून ठेवलाय. आता चाव्या पाहिजेत. जुन्या डब्यातलं काही वाचता येत नाही, म्हणून नव्याला चाव्यांची ओळख करून द्यावी लागते. जी चावी समोर असेल ती चालेल. जी नसेल तिनं नंतर दार उघडेल, पन गाडी चालू नाही होणार." मग त्यांनी विचारलं, "तुमची एकच करू, की दोन?"

मी उद्या सांगतो म्हणालो, आणि उद्याही सांगितलं नाही. दुसरी चावी विलासरावांच्या खिशात असायची. नवरा जाऊन महिना न झालेल्या बाईकडे ती मागायची कशी, आणि न मागता काम उरकलं तर तिच्या हातात नुसतं लोखंड उरेल, ते तिला सांगायचं कसं? शेवटी गेलो आणि जसं होतं तसं सांगितलं. निम्म्या रकमेचंही बोललो.

ताईंनी कपाटातून हॉस्पिटलनं दिलेली पिशवी काढली. तिची गाठ त्यांनी तोवर सोडली नव्हती. घड्याळ, चष्मा, रुमाल, चावी. चावी तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या, "मला चालवता येत नाही म्हणून मी भागीदार नाही?"

"तसं नाही हो ताई..."

"मग ही बंद का पाडता? मी मागे बसेन, पण गाडी आमचीपण आहे. मी येते तुमच्याबरोबर."

त्या आल्या. रफिकभाईंनी लॅपटॉप जोडला, आधी माझी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचा छोटा दिवा लुकलुकला आणि विझला. मग त्यांनी हात पुढे केला. ताईंनी चावी दिली नाही, स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवायची?" दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. विझला.

"लागली," रफिकभाई म्हणाले. "आता चालू करा, वहिनी."

इंजिन चालू झालं. ताई उतरल्या नाहीत. सीट विलासरावांच्या उंचीप्रमाणे अगदी मागे सरकवलेली होती, ताईंचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. तशाच त्या दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसल्या होत्या. मला सीट पुढे घेऊ का असं विचारायचा धीर झाला नाही. घरी येताना गाडी मी चालवली, पाय ताणून, तशीच.

नव्या कनेक्टरचे सातशे धरून रफिकभाईंना एकूण अठरा हजार सातशे रुपये दिले. नऊ हजार तीनशे पन्नास मी, नऊ हजार तीनशे पन्नास सुनंदाताईंनी.