पवळ्या आज जुंपायचा नाही

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा कुठलंकुठलं लोखंड येऊन पडलं, पण माझ्या मोठ्या साडूइतकं न वाकणारं काहीच आलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. गोंदियाकडचे धानाचे शेतकरी. बैलजोडी विकून इथं आले आणि स्टोअरात फोर्कलिफ्ट चालवायला लागले. मी त्याच स्टोअरात कारकून. म्हणजे घरीही तेच अन् कामावरही तेच. सुटका म्हणून नाही!

त्या फोर्कलिफ्टला त्यांनी बैलाचं नाव ठेवलं होतं, पवळ्या. मागं घेताना जिभेनं च्च-च्च करायचे, ओझं जड असलं की "हो बाप्पा, सांभाळून" म्हणायचे. बाराचा भोंगा झाला की अर्ध्या वाटेत पेटी टेकवून गाडी कडुनिंबाखाली उभी. "साडभाऊ, ट्रक थांबून राहिला ना!" मी ओरडायचो. "थांबू दे. याले पाणी दाखवून राहिलो," म्हणत ते रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे. एका मजुरानं पवळ्याच्या चाकाला लाथ मारली, तर त्याच्याशी दोन दिवस अबोला. डोकं आपटावं तरी कुठं?

पण पोळ्याला त्यांनी कहर केला. त्या वर्षी माझी नोकरी पक्की व्हायची होती, कागद साहेबांच्या टेबलावर होता. पोळ्याच्या सकाळी साहेबांनी बजावलं, रशियन इंजिनिअरला विजेच्या मोटारीची पेटी एक वाजेपर्यंत मिळाली नाही, तर तुझा कागद परत. मी धावत शेडमध्ये गेलो. पाहतो तर फोर्कलिफ्टच्या दोन्ही दांड्यांना गेरू फासलेला, वर झेंडूचा हार, सीटवर पुरणपोळी! आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला चोळतात तसं हळद-तूप चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हे आमंत्रणही झालं होतं म्हणे.

"साडभाऊ, पेटी काढा लवकर. माझी नोकरी चालली!"

"आज पोळा आहे. आज जुंपत नसते."

"अहो, यंत्र आहे ते!"

"माहीत आहे मले. येडा नाही मी." मग झेंडूचा हार सारखा करत म्हणाले, "बैल इकले तवा पोळ्याले आठच दिवस होते. शेवटचा पोळा भेटला नाही त्यायले. आता याले कावून जुंपू?"

माझा असा संताप झाला म्हणता! मी तोंड उघडणार तोच त्यांनी सदरा काढला, सबल म्हणजे पहार आणि तीन पाइप आणले. "लाव खांदा. तुही नोकरी जाऊ देतो का मी?"

पेटीखाली पाइप सारायचे, ढकलायचं, मागचा पाइप पुन्हा पुढं आणायचा. पाच मिनिटांच्या कामाला चार तास लागले. एक वाजायला दहा मिनिटं असताना पेटी दारात पोचली. नोकरी वाचली, कंबर गेली ती गेलीच. साडभाऊंच्या खांद्याची साल निघाली होती. संध्याकाळी मेहुणीनं त्यावर उरलेलं हळद-तूप चोळलं.

दोन वर्षांनी गावी त्यांचे वडील अंथरुणाला खिळले, तसे हे पक्की नोकरी सोडून गावी चालते झाले. सगळ्यांनी समजावलं, ऐकतील तर साडू कसले! आताचा ऑपरेटर सांगितलेलं मुकाट करतो. तरी बारा वाजले की मी कडुनिंबाकडे बघतो, आणि त्यांच्या आठवणीनं जीव कासावीस होतो.

पोळ्याच्या दिवशी मात्र दरवर्षी फोर्कलिफ्टची किल्ली हरवते. साहेब ओरडतात, ऑपरेटर शोधतो, मीही त्याच्याबरोबर शोधतो. किल्ली माझ्या खिशात असते. सबल आणि तीन पाइप मी सकाळीच काढून ठेवलेले असतात.