सरड्याचं अंथरूण

मुळा नदीच्या पात्रातली वाळू दुपारी मुठीत घेतली, तर वरचा थर चटका देतो आणि बोटं जरा खोल गेली की आतली ओल हाताला गार लागते. एकाच मुठीत दोन ऋतू! ती वाळू बोटांच्या फटींतून सोडताना होणारा बारीक, सलग, ऐकू येतो न येतोसा आवाज मला लहानपणापासून आवडतो. गेल्या महिन्यात अशीच वाळू मी चाळली, धुतली, उन्हात वाळवली, मिठाईच्या दुकानातून मागून आणलेल्या जुन्या काचपेटीत पसरली आणि तिच्यावर सरड्याचं एक पिल्लू ठेवलं. किती शोभून दिसत होतं ते! तांबूस वाळू, तिच्याच रंगाचं बोटभर पिल्लू, काचेतून तिरपं आलेलं ऊन. आपल्या हातून काही भलं झालं असं वाटतं, त्या क्षणी माणूस किती आंधळा असतो! मी त्या पेटीपुढे उकिडवी बसून स्वतःवरच खूश झाले होते. आज तेव्हाची ती मी आठवली की मान वर करवत नाही.

पिल्लू आमच्या राहुरीच्या घरामागचं कुंपण तोडताना सापडलं होतं. कोयत्याची धार त्याच्या मागच्या पायाला चाटून गेली होती आणि जखमेला मुंग्या लागल्या होत्या. आमच्याकडे सरडा दिसला की दगड उचलतात. अंगावर पडला तर मरण येतं म्हणतात, मान हलवतो म्हणजे चिडवतो म्हणतात. अशा समजुतींवर मी स्वतः पत्रक लिहिलेलं आहे, छापून घेतलेलं आहे, तेव्हा हे पिल्लू माझ्या वाट्याला येणं मला न्यायाचंच वाटलं. जखम भरेपर्यंत ठेवायचं आणि मग झाडावर सोडून द्यायचं, एवढाच बेत होता.

मी मुंग्या, बारके नाकतोडे आणून सोडी. पिल्लू मान तिरकी करून पाही, मग जीभ चटकन बाहेर येई आणि मुंगी नाहीशी होई. मुंगीबरोबर वाळूचे चार कणही जिभेला चिकटून आत जात. ते मला दिसत होतं बरं का! दिसत होतं आणि गोड वाटत होतं. काही दिवसांनी त्याने खाणं सोडलं. पोट टणक झालं, विष्ठा बंद झाली, डोळे दिवसाही मिटू लागले. तेव्हा मी त्याला खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात दोन म्हशी आणि एक शेळी आमच्या आधी होती. डॉक्टरांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या गोठ्यातली ही? दूध किती देते?" म्हशीवाले हसले. मी हसले नाही, तसे डॉक्टर गंभीर झाले. पिल्लाला तळहातावर उताणं घेऊन त्यांनी पोटावरून हलकेच बोट फिरवलं आणि ठेवलंय कशावर ते विचारलं. नदीच्या वाळूवर, मी म्हटलं.

"सरड्यांचं मला फारसं कळत नाही, ताई. पण वाळू पोटात गेलेली जनावरं पाहिलीत. याचं आतडं ते केवढं, दोऱ्याएवढं. ती वाळू आधी काढून टाक. कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवत जा. आणि खाली रद्दी पसर. जिभेला चिकटत नाही, रोज बदलता येते."

"आमच्या घरात रद्दी नाही."

"पेपर येत नाही का?"

"येतो. त्याची रद्दी होत नाही."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पिल्लाकडे पाहिलं. दोघांतलं आजारी कोण, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

खरंच नाही हो आमच्या घरात रद्दी. हे कसं सांगू तुम्हाला? ज्या घरातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं, त्या घरात कागद आला की तो पाहुणा म्हणून येत नाही, घरचा होऊन येतो. धर्मांतराच्या त्या दिवसांत माझे आजोबा एका सभेतून पत्रक घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं. घामाने भिजू नये म्हणून ते त्यांनी पागोट्यात खोचून आणलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे सभांची, मोर्चांची, संपांची पत्रकं ट्रंकेत साठत आली. वाण्याकडची साखरेची पुडी सोडली की तिचा कागद तळहाताने सपाट करायचा, आधी वाचायचा, मग ठेवायचा. आई त्याच कागदांवर वाचायला शिकली, मी त्याच ट्रंकेवर बसून मोठी झाले. इतर घरांत कागदाला पाय लागला तर नमस्कार करतात. आम्ही तो नमस्कार थोतांड म्हणून सोडला आणि पाय मात्र लागू दिला नाही. म्हणजे सोडलं काय आणि राखलं काय, हे आजवर मी कधी तपासलंच नव्हतं!

म्हणून मी वाळू काढली आणि कागद सोडून जगातलं सगळं काही घालून पाहिलं. सॉ मिलमधून भुसा आणला. त्याची धूळ पिल्लाच्या डोळ्यांत गेली आणि ते पेटीच्या काचेवर डोकं घासत राहिलं. भुसा काढून गोणपाटाचा तुकडा घातला. त्याच्या सुताच्या फासात नेमकं जखमी पायाचं नख अडकलं. कोरा कागद घालावा, असंही मनात आलं, पण कोऱ्या कागदावर तर कुणाचं तरी लिहायचं बाकी असतं! शेजाऱ्यांची रद्दी मागावी, तर तीही छापलेलीच. अशी मी, अंधश्रद्धेवर घसा कोरडा करणारी मी, एका जिवाच्या अंथरुणासाठी सोवळं पाळत होते आणि त्याला तत्त्व म्हणत होते. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, आबांना चालणार नाही. वडील जुन्या चळवळीतले, त्यांचं मन दुखवायचं कसं?

आबा साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ओट्यावर बसून असतात. त्या दिवशी मी गोणपाटाचे धागे एकेक उसवत होते आणि पिल्लू माझ्या मांडीवर निपचित पडलं होतं. आबा बराच वेळ बघत होते.

"व्हय गं, त्ये मरतंय आन् तू गोनपाट उसवत बसलीस?"

"दुसरं काय घालू, आबा?"

"ट्रंकंत तुजी पत्रकं पडल्यात की गठ्ठाभर."

"ती पत्रकं आहेत, आबा."

"मंग मी काय पापड म्हन्तोय का? पत्रकंच म्हन्तोय."

"ते घाण करेल त्यावर."

"करू दे की. त्याच्याच बाजूनं लिव्हलंयस ना? त्याला न्हाई द्यायचं, तर कुनाला दिलंस?"

माझ्या हातातला धागा तसाच राहिला. दिलं कुणाला? गुरुवारच्या बाजारात मी ती पत्रकं वाटायला उभी होते. पहिल्याच तासात एकाने पत्रक घेतलं, वाचलंही नाही आणि त्याने स्कूटरची सीट पुसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्या हातातून ते हिसकून घेतलं, आणखी चार-पाच जणांच्या हातातलीही परत मागून घेतली आणि गठ्ठा सुतळीने बांधून घरी आणला. आबांनी तेव्हा विचारलं नव्हतं. पण त्यांनी पाहिलं होतं तर!

"तुम्हालाच चालणार नाही म्हणून मी…"

"मला? मला कवा इचारलंस?"

आबा उठले, ट्रंकेपाशी गेले, सुतळी सोडली. बाजारातून परत घेतलेली पाच-सहा सोडली, तर पत्रकं कोरी करकरीत होती, एकाही कडेला घडी नव्हती.

"माज्या बापानं आनल्यालं पत्रक दाव बरं ह्यात," ते म्हणाले.

ट्रंकेत ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ते तिथेच तळाशी असेल, असं मी जन्मभर धरून चालले होते.

"न्हाईच हाय त्ये. वाचून घ्यायला बाप आळीआळीनं घेऊन फिरला. कुनाचा घाम, कुनाचा चुना, कुना बाईच्या हाताचं पीठ. शेवटाला तुकडासुदीक ऱ्हायला न्हाई. लई चाललं बिचारं." आणि पेटीचा तळ मोजत त्यांनी माझी पत्रकं एकावर एक अंथरली, अक्षरं वर करून, एखाद्या लेकराची दुपटी अंथरावीत तशी.

तेव्हा मला जी लाज वाटली, तिला अजून नीट नाव देता येत नाही. चूक केल्याची लाज वेगळी. ती कबूल करून उतरवता येते. पण ज्याला आपण निष्ठा समजून छातीशी धरलं, त्याच्या आत काय होतं, हे दिसल्यावर वाटणारी लाज कुठे उतरवून ठेवायची? कागद मळू नये म्हणून मी तो माणसांपासून तोडला. ज्यांनी मळवला असता, त्यांच्यासाठीच तर लिहिला होता ना?

त्यानंतर आबा आणि मी रोज परातीत कोमट पाणी घेऊन बसायचो. ते पिल्लाला दोन बोटांत धरत, मी पाण्याची ऊब बघत असे. "बस रं बाबा, राजावानी बस, आंगूळ चाललीय तुजी," असं त्यांचं चालू असे. पिल्लू डोळे उघडेना. मी रोज मनात त्याच्या मरणाची तयारी करत होते आणि रोज वरचं पत्रक काढून नवं अंथरत होते.

एका सकाळी आबांची आरोळी ऐकू आली. "झालं गं, झालं! लवकर ये!" आवाज असा, की शेजारची बाई कुणाकडे बाळंतपण झालं म्हणून दारात आली. मी भिजल्या हातांनी धावत गेले. पत्रकावर एक ओली, काळपट लेंडी पडली होती आणि तिच्याभोवती वाळूचे कण चमकत होते. तीच वाळू, मी चाळलेली, मी धुतलेली. पिल्लाने मान उचलली होती.

मी वाकले. आणि तुम्हाला खरं सांगते, माझी नजर आधी पिल्लाकडे गेली नाही. ती गेली पत्रकाच्या तळाशी, घाण माझ्या छापलेल्या नावावर तर पडली नाही ना, हे बघायला. नाव स्वच्छ होतं. मला बरं वाटलं. आणि ते बरं वाटणं कळताच कानाच्या पाळ्या तापल्या.

आबा काचेला नाक लावून पिल्लाशी बोलत होते. मी कुठे बघत होते, हे त्यांनी विचारलं नाही.