डासांची सासू

आरोग्य खात्यात डासांमागे धावता धावता तिचे केस पांढरे झाले, म्हणून सगळे तिला डासांची सासू म्हणत. ती रागवायची नाही. उलट म्हणायची, "सासूच आहे मी. एकालाही सुखाने नांदू देणार नाही."

पण या खेपेला खुद्द लेकीनेच तिला फैलावर घेतलं. लेकीचे दिवस भरत आलेले, शेजारीण डेंग्यूने दवाखान्यात, आणि लेकीच्या इमारतीच्या तळघरात पाणी साचलेलं. आईने त्यात औषधाचे दाणे टाकून आठवडा झाला, तरी अळ्या मजेत वळवळत होत्या.

"आई, तुझं औषध त्यांना चांगलंच मानवलंय! हे आज रॉकेल ओतणार आहेत."

"नको गं, तो वास थेट तुझ्या खोलीत येईल. हे औषध अळीला मारत नाही. तिच्या अंगात एक रस असतो, तो तिला सांगतो, तू अजून लहान आहेस. तो आटला की ती मोठी होते. आपण तसाच बनावट रस पाण्यात सोडलाय, तो आटतच नाही. मग ती कोषात जाते, पण डास होऊन बाहेर येत नाही."

"आणि आला तर?"

आई तळघरात उतरली. तिने त्याच पाण्याची बरणी भरली, आपल्या घरी नेऊन उघडीच उशाशी ठेवली आणि मच्छरदाणी काढून टाकली. हे कळल्यावर लेकीला धास्ती वाटली. रागही आला. पण दुसऱ्याला सांगायचं ते आधी स्वतः करायचं, हा आईचा खाक्या ती लहानपणापासून पाहत आली होती. रॉकेलचा डबा दाराशी तसाच राहिला.

शेवटी काही दिवसांनी न राहवून ती आईकडे गेली. बरणीत काळे कोष निपचित तरंगत होते. एक डास अर्धा बाहेर येऊन तिथेच अडकलेला.

"मेले बिचारे," डासांची सासू हळहळली.

इतक्यात नवऱ्याचा फोन आला. "ओतू का?"

"नको. डबा ज्याचा त्याला परत करा." फोन ठेवून ती आईला म्हणाली, "तू अजून लहान आहेस, हे तर तू मलाही जन्मभर ऐकवलंस!"

"आता नाही हो ऐकवणार," आई हसली.

निघताना लेक चपला घालायला वाकू लागली. तिला वाकवेना. आई मुकाट्याने खाली बसली आणि एकेक चप्पल तिच्या पायात सरकवली. लेकीने पाय मागे घेतला नाही.