चिमूटभर लोकर

सुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी जासईच्या गोदामात, नुकत्याच फोडलेल्या गठाणीसमोर उभा होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मोहन जेवून उठता उठता कोसळला होता... फोन ठेवून वळलो, तर लोकरीतले राठ केस वेचणारी आमची जनाबाई गठाणीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. "सायब, ही गठान आतून गरम हाय," ती म्हणाली, "कोनी आताच उठून गेल्यासारी." मी हात घातला नाही. सहा आठवडे झाले, पण त्याची चुटपुट अजून लागून आहे.

मोहन आणि मी लोकर पारखायचो. मंगोलियातल्या शेळ्यांची मऊ लोकर बंदरात उतरायची, आम्ही तिची प्रत ठरवायचो, मग ती शालींच्या मागावर जायची. पारखणाऱ्याचा हात आपोआप चालतो. लोकर दिसली की चिमूट घ्यायची, बोटांत चोळायची, नमुना म्हणून खिशात टाकायची. मोहनची ही खोड इतकी जुनी की लग्नाच्या पंगतीत तो शेजारच्या पाहुण्याच्या शालीलाही चिमटा काढायचा आणि वहिनी त्याच्या हातावर चापट मारायच्या. परदेशी गिऱ्हाइकांशी मात्र तो खरोखर भांडायचा. शेळ्या वाढवायला लावल्यात तर त्या गवत मुळासकट खातील, मग ना कुरण राहील ना लोकर; थोडीच घ्या, रंग न देता घ्या आणि एकच शाल नातवंडांपर्यंत वापरा, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि दुप्पट माल मागायची.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला मंगोलियाला पाठवलं. तिथली माणसं लोकर दाबून केलेल्या जाड बुरणुसाच्या गोल तंबूत राहतात, गवत संपलं की तंबू उचलून पुढे जातात. शेळ्यांना कात्री लावत नाहीत. थंडी ओसरताना सुटत आलेली लोकर लांब दातांच्या कंगव्यानं विंचरून काढतात. एका म्हातारीनं दिवसभर विंचरलेली लोकर पोत्यात भरली आणि हवाली करण्याआधी त्यातली एक चिमूट काढून मांडीवर ठेवली. मोहनच्या हातानं ती उचलली, चोळली आणि खिशात टाकली. म्हातारी नुसती त्याच्या खिशाकडे बघत राहिली.

जीप बरीच लांब आल्यावर दुभाष्यानं सांगितलं की लोकर किंवा जनावर देताना ते लोक चिमूटभर केस घरात ठेवून घेतात. कळपाची बरकत त्यात राहते. मोहननं जीप फिरवायला सांगितली, ड्रायव्हरनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, तर म्हातारीनं तंबू हलवला होता.

पुढच्या हिवाळ्यात तिकडे न भूतो असा बर्फ पडला. म्हातारीचा अख्खा कळप उभ्या उभ्या गोठला, असं दुभाष्याचं पत्र आलं. "टेन्शन घेऊ नकोस," मी मोहनला म्हणालो, "बर्फ काय तुझ्या खिशातून पडला?"

तो हसला नाही. "माहीत आहे रे. पण ती चिमूट तिच्याकडे असती, तर हेच मी स्वतःला सांगू शकलो असतो."

ती त्यानं स्टीलच्या डबीत ठेवली. नेरुळच्या पावसाळ्यात त्याच्या कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी यायची, ही लोकर मात्र कोरडी ठणठणीत. त्याच्या घरी दुपारचा चहा पिताना तो मध्येच कप खाली ठेवायचा. "ऐकलंस? खोकली." शेळी, तिसऱ्या मजल्यावर! मला काहीही ऐकू यायचं नाही, आणि त्याच्याकडे बघून भीती वाटायची. दर वेळी तो म्हणायचा, "या वसंतात जाऊन देऊनच येतो." कंपनी दर वेळी पुढे ढकलायची.

तेराव्यानंतर वहिनींनी डबी माझ्या हातात दिली. "कोणी तिकडे जाणार असेल तर पाठवा, भाऊजी. दुपारी घरात कोणीतरी खोकतं... आणि मी तर एकटीच असते."

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसातला एकजण तिकडे निघाला. डबी चिकटपट्टीनं बंद करण्याआधी मी एकदा उघडली. नुकत्याच चहा पिऊन ठेवलेल्या पेल्यासारखी ती कोमट होती. बंद केली, दुभाष्याच्या पत्रातलं म्हातारीचं नाव लिहिलं आणि त्याच्या हवाली केली. मोहनसाठी एवढं तरी करता आलं म्हणून फार बरं वाटलं.

काल धुवायला टाकण्याआधी, डबी दिली त्या दिवशीच्या शर्टाचा खिसा चाचपला. बोटांना मऊ लागलं. कधी उचलली, कधी चोळली, मला काही म्हणजे काही आठवत नाही. डबीत किती उरली असेल, तेही आठवत नाही... तो माणूस तर केव्हाच पोचला.

आता दुपार आहे. लोकर समोर कागदावर ठेवून मी हे लिहितोय. या वसंतात मीच जाऊन देऊन येणार आहे. घरात दुसरं कोणी नाही, आणि आत्ता स्वयंपाकघरात कोणीतरी खोकलं.