सहाच्या शोचं पब्लिक

ऑपरेटरसाहेबांच्या घरात 'पॉज' हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती.

"पॉज?" म्हणताना ते असं तोंड करायचे, की कुणी नासलेलं दूध पुढे केलंय असं वाटावं. "सिनेमा म्हणजे काय नळ आहे? मनात आलं सोडला, मनात आलं बंद केला? अख्खं थिएटर भरून माणसं बसायची खाली. एकाला लघवीला लागली म्हणून कुणी मशीन थांबवलंय? ज्याला लागली त्यानं पळावं, आणि परत येऊन शेजारच्याला विचारावं, काय झालं हो मधे? ह्याला म्हणतात सिनेमा बघणं. तुम्ही बघता त्याला नुसतं चाळणं म्हणतात."

आता खाली माणसंच नव्हती, पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो? थिएटर पाडून तिथं गाड्या लावायची जागा झाली. पडदा गेला, खुर्च्या गेल्या, मालक परगावी गेला. जाताना मालकानं ह्यांच्या हातात सिनेमांच्या डिस्कचं एक खोकं ठेवलं आणि पाठीवर थाप मारली. प्रोजेक्टर चालवायचा हुद्दा गेला तो गेला, नाव मात्र चिकटून राहिलं. जिन्यात भेटणारी पोरं, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला ऑपरेटरीणबाई. बाईंना त्याचं ना कौतुक होतं ना राग. असेल नाव, म्हणायच्या, नावानं काय पोट भरतं?

खोकं वर्षभर माळ्यावर पडून होतं. मग मुलानं एक कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर एक हिरवं बोर्ड. हातावर ठेवलं तर बिस्किटाएवढं. ना पडदा, ना बटणं. मुलानं सगळ्या डिस्क त्यात उतरवल्या, चार वायरी खोचल्या आणि म्हणाला, "बाबा, आता घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, कुठल्याही फोनवर, ज्याला जे पाहिजे ते बघता येईल. हव्या त्या वेळी. हे बोर्ड आपलं आपण सगळीकडे पाठवतं. ह्याला माणूस लागत नाही."

शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

"ज्याला जे पाहिजे ते?" ऑपरेटरसाहेब उसळले. "घर आहे का धर्मशाळा? एकजण रडतोय, दुसरा नाचगाणं बघतोय, तिसरा मधूनच उठून जातोय. अरे, सिनेमा लावायला अक्कल लागते. गाढवाला गुळाची चव काय!"

आठवडाभर त्यांनी मुलाचं डोकं खाल्लं. शेवटी मुलानं वैतागून बोर्डाची सगळी मांडणी बदलून दिली. घराचं एकच चॅनेल. तीनचा शो आणि सहाचा शो. शो सुरू झाला की हॉलच्या टीव्हीवर, बेडरूमच्या टीव्हीवर, फोनवर, सगळीकडे तोच सिनेमा आणि त्याच क्षणाचा. पॉज नाही, मागे नाही, पुढे नाही; तुटलेला शो जोडायचा किंवा बंद करायचा तर तो फक्त बोर्डापाशी जाऊन. मधे इंटरव्हल. इंटरव्हलला नुसता काळा पडदा आणि त्यावर ऑपरेटरसाहेबांनी स्वतः निवडलेली एक रटाळ ट्यून. म्हाताऱ्याला खेळणं मिळालं, आपला जीव सुटला, असं मुलगा सूनबाईला म्हणाला, आणि अगदीच काही खोटं बोलला नाही.

मग साहेबांनी केबिन थाटली. अडगळीच्या खोलीतले जुने पंखे आणि फाटक्या बॅगा एका बाजूला सारल्या, मधे स्टूल मांडलं, समोर टेबलावर ते बोर्ड. शेजारी एक जुना मॉनिटर. त्यावर सिनेमा आवाजाशिवाय दिसायचा आणि बाजूच्या पट्टीत कुठकुठला टीव्ही, कुणाकुणाचा फोन जोडलेला आहे त्यांची नावं यायची. बोर्डासाठी बायकोकडून जाड फ्लॅनेलचा अभ्रा शिवून घेतला. मशीन उघडं ठेवायचं नसतं, धूळ बसते.

"बाबा, त्याला हवा लागते, ते तापतं," मुलगा म्हणाला.

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मशीन झाकतोय मी. मला शिकवतोस?"

शो चालू असताना ते अभ्रा जरासाच वर करत, नव्या नवरीचा पदर सरकवल्यासारखा. आणि स्टुलावर ताठ बसत. करायला काय होतं? काही नाही. वेळ झाली की बोर्ड आपणहून सुरू व्हायचं, सिनेमा संपला की आपणहून थांबायचं. भिंतीवरच्या घड्याळासमोर राखणदार बसवावा, तसा हा माणूस अडगळीत बसायचा. घरात सगळ्यांना हे कळत होतं. बोलायचं कुणी?

पहिल्या दिवशी बायको एवढंच म्हणाली होती, "अहो, तुम्ही पण या ना बाहेर बसायला."

"आणि मशीन कोण बघणार?" साहेबांनी दार लावून घेतलं.

सुरुवातीला सगळे बघायचे. मॉनिटरच्या पट्टीत चार नावं यायची आणि साहेब जेवताना पिकनिकहून आल्यासारखे खुशीत असायचे. मग हळूहळू गळती लागली. मुलगा महिन्याचे पैसे भरून आपल्या फोनवर भलतंच काही बघू लागला. सूनबाई काही दिवस सासूसोबत हॉलमध्ये बसली, मग तीही कानात बोंडं घालून खोलीत बसू लागली. हसायला आलं की एकटीच हसायची. साहेब त्यांच्या दारावरून जाताना मोठ्यानं म्हणायचे, "एका घरात राहतात आणि एकेकट्यानं हसतात! वेड्यांच्या इस्पितळात दुसरं काय असतं?"

पट्टीत राहिलं एकच नाव: हॉल.

पण त्या एका नावावर साहेबांची सगळी मिजास टिकून होती. रोज तीनला हॉल, रोज सहाला हॉल. "हिला बघा," ते मुलाला सुनावायचे. "एक शो चुकवत नाही. जातिवंत प्रेक्षक आहे तुझी आई. तुमच्यासारखे शंभर गेले तरी चालतील मला, ही एक पुरे." हे एक नाव जर गेलं तर आपण कोण, ह्याचा विचार त्यांनी केला नव्हता. केला असता तर त्यांना स्टुलावर बसवलं नसतं.

उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. सहाच्या शोला एक जुना रडका सिनेमा लागला होता. इंटरव्हल झाली, सिनेमा परत सुरू झाला, आणि थोड्या वेळानं मॉनिटरवरचं चित्र अडकलं. हिरोईन दारात उभी, तोंड उघडं, आणि ते मिटेचना. साहेबांनी अभ्रा उचलला आणि बोर्डाला हात लावला. चटका बसला! फ्लॅनेलच्या आत बिचारं भाजून निघालं होतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं आधी वायर उपटली असती. साहेबांनी आधी कान टवकारले.

ह्याचंही कारण होतं. थिएटरमध्ये फिल्म तुटली, पडदा पांढरा झाला, की क्षणात खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. पाय आपटायचे. "ए आपरेटर, झोपलास काय रे!" ही त्यातली सगळ्यात सभ्य आरोळी. पुढे आईबहिणीचा उद्धार. साहेबांना त्याचा कधी राग आला नाही. उलट शिवी ऐकली की त्यांचे हात भराभर चालायचे. थिएटर किती भरलंय हे बाकीचे लोक तिकीटखिडकीवर जाऊन विचारायचे, ह्यांना ते शिव्यांवरून कळायचं. पब्लिक शिव्या देतंय म्हणजे पब्लिक जागं आहे, गुंतलंय, आपली वाट बघतंय.

साहेब वाट बघत राहिले. निदान "अहो, बंद पडलं" एवढं तरी.

बाहेर नुसता पंख्याचा आवाज.

चालू शोमध्ये केबिन सोडायची नाही हा त्यांचा जन्माचा नेम. तो मोडून ते हॉलमध्ये आले. टीव्हीवर हिरोईन तोंड उघडून उभी. समोर बायकोची वेताची खुर्ची रिकामी. खुर्चीवर तिचा चष्मा, घडी घातलेला. आणि गॅलरीतून हसण्याचा आवाज. ऑपरेटरीणबाई आणि शेजारीण शेंगा निवडत बसल्या होत्या आणि कशावरून तरी पोट धरून हसत होत्या.

"अगं," साहेब दारातून म्हणाले, "चित्र बंद पडलंय."

"हो का?" बाईंनी शेंग मोडली. "कधी?"

हे 'कधी' त्यांना असं लागलं की थिएटरातल्या साऱ्या शिव्या परवडल्या. शेजारणीला काय ते कळलं. "येते हं मी, कुकर लावायचाय," म्हणून ती आपलं ताट घेऊन सटकली.

"तू बघत नव्हतीस?"

"नाही."

"आजच?"

"सूनबाई बसायची बंद झाली ना, तेव्हापासून. ती होती तोवर बोलायला कुणीतरी होतं. मग म्हटलं, टीव्ही चालू राहू दे. तुमच्या त्या काचेवर हॉल असं दिसतं ना? ते दिसलं की दोन घास जास्त जेवता तुम्ही."

"म्हणजे इतके दिवस मी रिकाम्या खुर्चीला सिनेमा दाखवत होतो?" साहेबांचा आवाज चढला. "मला येडा बनवलंस!"

आता बाईंनी शेंगांचं ताट खाली ठेवलं.

"का? एवढं काय झालं? मी नाही बघितले रिकाम्या खुर्चीशेजारी बसून? लग्न झाल्यापासून बघितले! पास दोन मिळायचे. एका खुर्चीवर मी, दुसऱ्या खुर्चीवर माझी पर्स. दारावरचा विचारायचा, वहिनी, ही सीट कुणाची? मी म्हणायची, येताहेत. येताहेत, येताहेत करता करता थिएटर पडलं, अहो!"

"तेव्हा मशीन सोडता येत नव्हतं."

"नव्हतं! कबूल! तेव्हा बोलले का मी एक शब्द तरी? तेव्हा रिळं होती, आगीची भीती होती, नोकरी होती. पण ह्या बिस्किटाला काय लागतं हो? मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, ह्याला माणूस लागत नाही. मला इतका आनंद झाला! म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, शेजारी बसतील. तर हा शहाणा स्टूल घेऊन अडगळीत जाऊन बसला! घरात चार माणसं आणि ह्यांना केबिन हवी! जळो मेला तो सिनेमा!"

साहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. टीव्हीवरच्या हिरोईनसारखं. मग आत गेले. वायर काढली. अभ्रा काढून फाटक्या बॅगांवर टाकला. बोर्ड निवेपर्यंत त्याच्यावर वर्तमानपत्रानं वारा घालत बसले. परत वायर लावली, शो जिथं तुटला होता तिथून जोडला. हिरोईनचं तोंड मिटलं. आणि सवयीनं साहेब स्टुलावर टेकले.

टेकले असतील नसतील, तोच हॉलमधून कडक शिट्टी आली. मागोमाग आरोळी.

"ए आपरेटर! झोपलास काय रे!"

साहेब धडपडत बाहेर आले. ऑपरेटरीणबाई चष्मा लावून आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून आणली होती.

"आता काय झालं? चित्र तर लागलंय."

"लागलंय ना? मग बसा."

ते बसले. पण बसायचं कसं हे काही जमेना. एकदा मांडीवर हात, एकदा छातीवर. दहा मिनिटं गेली असतील. मग त्यांनी हळूच विचारलं, "ही कोण?"

"कोण म्हणजे? त्याची बहीण."

"ती मेली ना मघाशी?"

"मेली ती आई." बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, आपल्या थिएटरला कितीतरी आठवडे चालला हा! तुम्ही रोज लावायचात. आणि गोष्ट माहीत नाही?"

"मी कोपरा बघायचो," साहेब पुटपुटले. "रीळ संपत आलं की वर उजवीकडे ठिपका येतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. गोष्ट बघत बसलो असतो तर ठिपका चुकला असता."

"आत्ता कुठे बघताय?"

साहेब कोपराच बघत होते.

"धन्य आहे!" बाईंनी कपाळाला हात लावला. "जन्मभर कोपरा बघितला ह्या माणसानं. तरीच! इकडे बघा, मधे. हा तिचा भाऊ, लहानपणी हरवलेला. तिला माहीत नाही, त्याला माहीत आहे. समजलं?"

"समजलं. मग सांगत का नाही तिला?"

"तेच तर आहे! गप्प बघा."

साहेब गप्प बघू लागले. थोड्या वेळानं पुढे सरकून बसले. भाऊ दारापर्यंत येऊन तसाच परत फिरला तेव्हा "अरे गाढवा!" असं मोठ्यानं म्हणाले. बाईंनी हसू दाबलं. मग नाक वर करून हुंगलं आणि उठल्या.

"दूध ठेवलंय गॅसवर. चालू राहू दे, मला पाठ आहे सगळं."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. भाऊ पुन्हा दाराशी आला. साहेबांनी रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. मग उठले, अडगळीच्या खोलीत गेले आणि शो बंद केला. चालू शो मधेच बंद करायचं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. बाहेर येऊन ते आपल्या खुर्चीत बसले.

"पुन्हा बंद पडलं का हो?" आतून आवाज आला.

"नाही. मी थांबवलंय."

आत भांड्याचा आवाज थांबला. "तुम्ही?"

"मग काय करू? तू नाहीस तर पुढचं सांगणार कोण मला, शेजारीण?" साहेब खेकसले. "ये लवकर. पब्लिक खोळंबलंय."