सोनचाफ्याच्या आळ्यात मीठ

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथं लिहितेय.

माझ्या दारातला सोनचाफा गुहागरच्या माहेराहून आणलेला. आईनं स्वतः कलम बांधून दिलं होतं. आई आता नाही, त्यामुळं तसं दुसरं मिळणार नाही. गेले काही दिवस त्याच्या पानांच्या कडा करपत होत्या. शेणखत घातलं, सावली केली, फरक शून्य.

आज बघते तर शेजारचे तात्या आळ्यात मूठभर खडेमीठ टाकतायत!

"तात्या, हे काय करताय?"

"कोकणातलं झाड हाय न्हवं? त्याला खारं पाणी लागतंय. रोज टाकतोय मी, म्हणून तर तगलंय."

"मला विचारायचं तरी!"

"चांगल्या कामाला काय इचारायचं, पोरी?"

मी वरची माती खरवडून फेकली. मीठ धुऊन जावं म्हणून पिंपात साठवलेलं सगळं पाणी आळ्यात ओतलं. नळ पुन्हा कधी येईल माहीत नाही. वर तात्याच म्हणाले, "लई पाणी वाया घालवलंस."

लग्न होऊन इथं घाटावर आले तेव्हा कोकणातली म्हणून मला सगळे भातच वाढायचे. समोरची गरम ज्वारीची भाकरी मला हवी आहे, हे सांगायला मला वर्ष लागलं. पण मला निदान तोंड होतं.

तुमचंही असं कुणी, तुम्हाला न विचारता, भलं केलंय का? सांगा. आज हा राग एकटीला आवरत नाहीये.