पाजायला सोडलं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? ठाऊक नाही—पण आता गप्प बसवत नाही.

मी इथं संभाजीनगरात एका बी.एड. कॉलेजात शिकवते. कडक बाई म्हणून माझं नाव आहे, आणि ते मला आवडतं—खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षीच्या परीक्षेला माझ्या हॉलमध्ये फुलंब्रीची एक मुलगी होती. सविता म्हणू तिला. तिची सासू तान्ह्या बाळाला घेऊन बाहेर सायकल स्टँडपाशी बसलेली. त्याच सकाळी प्राचार्यांनी आम्हाला बजावलं होतं—अंगावर पाजणाऱ्या मुलीला सोबत बाई देऊन सोडा, गेलेला वेळ भरून द्या. तो तिचा हक्क आहे, उपकार नाही. मी मान डोलावली होती. म्हणजे माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

पेपर अर्ध्यावर आला आणि बाहेर बाळ रडायला लागलं. ती उठून माझ्या टेबलापाशी आली. ओढणी पुढून ओली झालेली.

“मॅडम, जरा पाजून येऊ का? यंदा नाय झालं तर घरचे पुन्हा बसू देणार नायत.”

“असा नियम नाही,” मी म्हणाले. “जायचं तर पेपर देऊन जा.”

का म्हणाले असेन? माझा मुलगा तान्हा असताना मीही परीक्षा दिली होती—छातीला फडकं आवळून, अंगात ताप घेऊन. मला कुणी सोडलं होतं? त्याचा मला केवढा तोरा होता! आणि ही पोर तेच आयतं मागत होती. चार दिवस सासूचे म्हणतात ना—ते माझे आले होते.

ती जागेवर जाऊन बसली. थोडं लिहिलं. रडणं काही थांबेना. मग अर्धा पेपर माझ्यापुढे ठेवून ती पळत बाहेर गेली. पुढच्या पेपरांना आलीच नाही.

प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, “काही बोललीच नाही, सर. आपणहून उठली.” ते हळहळले. आणि मी—पुढच्या बैठकीत वर तोंड करून बोलले, मुलींनी जरा धीट व्हायला हवं म्हणून.

परवा तिची मैत्रीण भेटली. सविता आता कापूस वेचायला जाते. कॉलेजचा विषय निघाला की घरात भांडण होतं.

“पण तुम्हाला वाईट नाय म्हणत ती, मॅडम. म्हणती, नियमच नव्हता तर मॅडम तरी काय करणार?”

मी नुसती हं म्हणाले. नियम होता—हे तिलाही सांगितलं नाही.